दोनाचा शंभरावा घात आणि त्याचं शेपूट

बेळगावात वडगावला संध्याकाळी माझ्याकडे दहावीची मराठी माध्यमाची मुलं शिकवणीला येतात. त्यातल्या एकीने परवा भावाच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीट उघडून दोनाचा शंभरावा घात काढला आणि वहीत उतरवून आणला: १२६७६५०६००२२८२३००००००००००००००००. एकतीस अंकी संख्या, शेवटी सोळा शून्यं. म्हणाली, "सर, बघा की, शून्यावर संपला!"

हा आकडा चुकीचा आहे, आणि ते ओळखायला बेरीज-गुणाकार काही करावं लागत नाही. संख्या शून्याने संपायची तर तिला दहाने भाग जायला हवा, म्हणजे पाचानेही जायला हवा. दोनाला दोनानेच गुणत राहिलो तर त्यात पाच येणार कुठून? दहावीच्या, म्हणजे आपल्या इकडच्या एसएसएलसीच्या गणितात 'वास्तव संख्या' या धड्यात असलाच प्रश्न असतो: सहाचा कोणताही घात शून्याने संपेल का? तिथेही तेच उत्तर. सहा म्हणजे दोन गुणिले तीन, पाचाचा पत्ता नाही.

खरा आकडा असा आहे: १२६७६५०६००२२८२२९४०१४९६७०३२०५३७६. स्प्रेडशीट सुरुवातीचे पंधरा अंक तेवढे, तेही पंधरावा जवळच्या अंकाला आणून, दाखवते आणि उरलेल्या जागा शून्यांनी भरून मोकळी होते. दुकानाच्या हिशोबाला त्याने काही बिघडत नाही. पण संख्येचं शेपूट पाहायचं असेल तर नेमकं तेच कापलेलं असतं. गंमत म्हणजे या आकड्यातलं पुढचं डोकं शोधायला यंत्र लागतं, आणि शेपूट मात्र कागदावर, किंबहुना तोंडीसुद्धा निघतं. ते कसं, तेच सांगतो.

शाळेत शिकलेला गुणाकार आठवा. ३४७ ला ८ ने गुणायचं. आधी साता आठे छप्पन्न, सहा मांडायचे, हातचे पाच. पुढे चाळीस आणि तीनशे यांचं काय व्हायचं ते होईल, पण तो सहा आता हलत नाही. चाळीसला कशानेही गुणा, तीनशेला कशानेही गुणा, उत्तर दहाच्या पटीत येणार आणि एककस्थानाला धक्का लावणार नाही. म्हणजे गुणाकाराचा शेवटचा अंक फक्त दोन्ही संख्यांच्या शेवटच्या अंकांवर ठरतो. सगळ्या विषयाचं मूळ इतकंच आहे.

घात म्हणजे त्याच संख्येने पुन्हा पुन्हा गुणणं. आता शेवटचा अंक किती असेल हे कळायला आधीचा शेवटचा अंक पुरतो, आणि असे अंक एकूण दहाच. दहाच पर्याय असताना न संपणारी यादी करायला बसलात तर कधी ना कधी जुना अंक परत येणारच. आणि एकदा तो आला की त्याच्यामागून जे पहिल्यांदा आलं होतं तेच पुन्हा येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. त्यामुळे चक्र सुरू होतं.

वहीत करून पाहा. दोनाचे घात: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६. शेवटचे अंक २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६. तिनाचे: ३, ९, ७, १. साताचे: ७, ९, ३, १. आठाचे: ८, ४, २, ६. चाराचे दोनच, ४ आणि ६. नवाचे ९ आणि १. शून्य, एक, पाच आणि सहा हे चौघे जागचे हलतच नाहीत. पाचाचा कितीही मोठा घात घ्या, शेवटी पाचच.

ही यादी बहुतेक मुलं पाठ करतात आणि पुढे जातात. माझं म्हणणं, इथे जरा थांबावं. तिनाची रांग ३, ९, ७, १ आणि साताची ७, ९, ३, १ शेजारी शेजारी लिहा. शेवटचा एक सोडला तर एक रांग दुसरीच्या उलटी आहे. हे आपोआप झालेलं नाही. तीन साते एकवीस, शेवटी एक. म्हणजे तिनाने गुणून शेवटच्या अंकाचं जे होतं ते साताने गुणलं की पुसलं जातं. तीन जितकं पुढे नेतो तितकं सात मागे आणतो. म्हणून रांग उलटी.

आता २, ४, ८, ६ आणि ८, ४, २, ६ पाहा. इथेही तसंच उलटं! पण दोन आठे सोळा, शेवटी एक नाही, सहा. मग? सहाला सम अंकांनी गुणून पाहा: सहा दुणे बारा, सहा चोक चोवीस, सहा सख छत्तीस, सहा आठे अठ्ठेचाळीस. शेवटी २, ४, ६, ८. ज्याला गुणलं तोच अंक परत! सम अंकांमध्ये सहा हा 'एक'चं काम करतो. गुणलं तरी काही बदलत नाही. सहाचा पाढा आपण सगळ्यांनी घोकलेला असतो, पण त्यातली ही गोष्ट कोणी दाखवून दिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही.

चक्र चारचंच का, पाच किंवा सात का नाही? शेवटचा अंक दोन गोष्टींनी ठरतो: संख्या सम की विषम, आणि पाचाने भागल्यावर बाकी किती. सम आणि बाकी एक म्हटलं की अंक सहाच. विषम आणि बाकी एक म्हटलं की एकच. दोनाचे घात कायम सम, तिनाचे कायम विषम. तो भाग हलत नाही. हलते ती फक्त पाचाची बाकी. दोनाच्या बाबतीत ती २, ४, ३, १ अशी फिरते. शून्य सोडून पाचाच्या बाक्या चारच, म्हणून चक्रही चारापेक्षा लांब जाऊ शकत नाही.

चौथ्या घाताला बाकी एक येतेच येते, याचं कारण सुंदर आहे आणि चार ओळींत मावतं. १, २, ३, ४ हे चार अंक घ्या आणि प्रत्येकाला तिनाने गुणा: ३, ६, ९, १२. पाचाने भागून बाक्या काढा: ३, १, ४, २. तेच चार अंक, फक्त क्रम बदललेला. मग दोन्ही गटांचे गुणाकार पाचाच्या बाकीच्या दृष्टीने सारखेच. पण दुसऱ्या गटात तीन चार वेळा जास्तीचा आला आहे. दोन्हीकडून १ × २ × ३ × ४ काढून टाका. उरतं काय? तिनाच्या चौथ्या घाताची बाकी एक. तिनाच्या जागी पाचाने भाग न जाणारी कुठलीही संख्या घ्या, आणि पाचाच्या जागी कुठलीही मूळ संख्या. युक्तिवाद तसाच चालतो, फक्त चौथ्याच्या जागी त्या मूळ संख्येपेक्षा एकाने कमी असलेला घात येतो. फ्रान्समधला न्यायखात्यातला अधिकारी पिएर द फर्मा याने १६४० साली हा नियम एका मित्राला पत्रातून कळवला, आणि सिद्धता फार लांबेल म्हणून लिहीत नाही असं सांगून मोकळा झाला. छापील सिद्धता गणितज्ञ ऑयलरने दिली, ती १७४१ साली प्रसिद्ध झाली. मित्राला शंभर वर्षं थांबावं लागलं असतं!

परीक्षेपुरतं सांगायचं तर रीत सोपी आहे. ४८३७ चा २०२६ वा घात कोणत्या अंकाने संपतो? पाया कितीही अंगावर येणारा असला तरी फक्त सात पाहायचा. घातांकाला चाराने भागायचं, आणि त्यासाठी शेवटचे दोन अंक पुरतात: २६ ला चाराने भागून बाकी दोन. साताच्या रांगेतला दुसरा अंक नऊ. झालं उत्तर.

बाकी शून्य आली की मात्र मुलं गडबडतात. दोनाचा २०२४ वा घात घ्या. बाकी शून्य. मग 'शून्यावा घात म्हणजे एक' असं म्हणून बरीच जणं एक लिहितात. दोनाचा घात आणि विषम? बाकी शून्य म्हणजे चक्र पुरं झालं, म्हणजे रांगेतला चौथा अंक, सहा. तिनाच्या किंवा साताच्या प्रश्नात हीच चुकीची रीत बरोबर उत्तर देते, कारण त्यांच्या रांगेत चौथा अंक खरंच एक आहे. म्हणून ही चूक कित्येक दिवस पकडली जात नाही.

चौथ्या घाताला चक्र पुरं होतं, म्हणजे पाचव्या घाताला संख्येचा स्वतःचा शेवटचा अंक परत मिळतो. कुठलीही संख्या घ्या, तिच्या पाचव्या घाताचा शेवटचा अंक तिचाच. आणि नवव्या घाताचाही. नववा घात म्हणजे घनाचा घन. तेव्हा शेवटच्या अंकाचा घन केला आणि त्याचा पुन्हा घन केला की मूळ अंक परत येतो. घन केल्यावर होतं काय, तर २ आणि ८ यांची अदलाबदल होते, ३ आणि ७ यांची होते, बाकीचे जागेवर राहतात. घनमूळ तोंडी सांगण्याची जी करामत पोरं एकमेकांना दाखवतात, ती यावरच उभी आहे. ५०६५३ चं घनमूळ? शेवटी तीन, म्हणजे मूळ साताने संपतं. शेवटचे तीन अंक झाकले तर राहतात ५०. तिनाचा घन २७, चाराचा ६४, पन्नास मध्ये येतात, म्हणून दशकाला तीन. उत्तर सदतीस. वर्गमुळाला हे साधत नाही, कारण २ आणि ८ दोघांचेही वर्ग ४ ने संपतात. मागे जायचं कोणाकडे हेच कळत नाही.

आता एकाऐवजी शेवटचे दोन अंक पाहू. गुणाकाराचा नियम तोच, फक्त पर्याय दहाऐवजी शंभर. साताचं फार सोपं निघतं: ०७, ४९, ४३, ०१, पुन्हा तेच. साताचा चौथा घात २४०१, म्हणून चार पायऱ्यांतच काम संपतं. दोनाला मात्र वेळ लागतो: ०२, ०४, ०८, १६, ३२, ६४, २८, ५६, १२, २४, ४८, ९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२, आणि मग ०४. ०२ परत आलाच नाही! एखादी गाडी कुठल्याशा रस्त्याने राणी चन्नम्मा सर्कलला येऊन मिळाली आणि बाहेर न पडता पुतळ्याभोवती घिरट्या घालत बसली, तर ती ज्या रस्त्याने आली तो रस्ता तिच्या फेऱ्यांत पुन्हा लागत नाही. ०२ चं तसं झालं आहे. कारण साधं आहे: दुसऱ्या घातापासून पुढचा प्रत्येक घात चाराने विभाज्य असतो, आणि ज्याचे शेवटचे दोन अंक ०२ आहेत त्याला चाराने भाग जात नाही.

फेरी वीस पायऱ्यांची आहे आणि विसाव्या घाताला ७६ येतो. दोनाचा विसावा घात १०४८५७६, ताळा करून पाहा. हा ७६ म्हणजे मघाच्या सहाचाच थोरला भाऊ. ७६ ला ७६ ने गुणा, ५७७६. ७६ ला बारांनी गुणा, ९१२. चाराच्या कुठल्याही पटीला ७६ ने गुणलं तरी तिचे शेवटचे दोन अंक हलत नाहीत. शंभर म्हणजे पाच वेळा वीस, म्हणून दोनाचा शंभरावा घात ७६ ने संपलाच पाहिजे. वर दिलेला खरा आकडा पाहा. तीन अंकांसाठी हाच मान ३७६ ला आहे (३७६ चा वर्ग १४१३७६), आणि चार अंकांसाठी ९३७६ ला. पाचाच्या बाजूनेही अशीच घराणेशाही आहे: ५, २५, ६२५, ०६२५. दोन्हींची बेरीज करा: ६ आणि ५ मिळून ११, ७६ आणि २५ मिळून १०१, ३७६ आणि ६२५ मिळून १००१. याचं कारण शोधायचं काम वाचकांवर सोडतो. पाचाच्या बाकीबद्दल जे वर म्हटलं, तेच दोनाच्या आणि पाचाच्या घातांनी भागून पाहिलं की उलगडतं.

जितके अंक जास्त, तितकी फेरी लांब. दोनासाठी एका अंकाला ४, दोन अंकांना २०, तीन अंकांना १००, चार अंकांना ५००. दर वेळी पाचपट. स्प्रेडशीटला हे नीट करायला लावायचं असेल तर पूर्ण घात मागायचाच नाही. एका खान्यात दोन लिहायचा, खालच्या खान्यात 'वरच्याची दुप्पट, हजाराने भागून उरलेली बाकी' असं सूत्र घालायचं आणि शंभराव्या ओळीपर्यंत खेचायचं. संख्या कधी तीन अंकांपलीकडे जात नाही, मग पंधरा अंकांची अडचणच कुठे?

जाता जाता तिनाची एक खोडी. तिनाचे घात लिहून त्यांचा दशकाचा अंक पाहा: २७, ८१, २४३, ७२९, २१८७, ६५६१, १९६८३. दोन, आठ, चार, दोन, आठ, सहा, आठ. सगळे सम. तिनाचा एकही घात ११ ने किंवा ५७ ने संपत नाही. एककाला १, ३, ७, ९ हेच अंक येतात, त्यांना तिनाने गुणलं की हातचा शून्य किंवा दोन, कधीच एक नाही. सम अंकाच्या तिपटीत सम हातचा मिळवला की समच राहणार.

आपल्या भागात बसच्या पाटीवर कन्नड अंक, दुकानाच्या फलकावर देवनागरी आणि मोबाइलवर इंग्रजी, असे तीन तऱ्हेचे आकडे एकाच दिवसात डोळ्यांखालून जातात. शेवटच्या अंकांच्या रांगेला त्याचं सोयरसुतक नाही. चिन्ह कसंही काढा, दोन, चार, आठ, सहा हा क्रम तोच. बदलतो तो दहाऐवजी दुसऱ्या कशाने मोजायला लागलं की. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि पाचच महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ पासून, रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. पहिल्या बदलावर आपल्याकडे अजून बोललं जातं, दुसऱ्याची आठवणही कोणाला नाही. पण आपल्या विषयाला दुसराच महत्त्वाचा. दोन आणे, चार आणे, आठ आणे, मग सोळा आणे म्हणजे पूर्ण रुपया आणि वर आणे शून्य. त्यापुढे बत्तीस, चौसष्ट, काहीही घ्या, वरचे आणे कायम शून्य. जे शंभर पैशांत कधीच घडत नाही ते सोळा आण्यांत चौथ्याच पायरीला घडतं, कारण सोळा हा स्वतःच दोनाचा घात आहे. तिनाचं मात्र आण्यांतही चारचंच चक्र: ३, ९, ११, १.

वारांचंही असंच, तिथे सात. आज शनिवार असेल तर दोनाचा शंभरावा घात इतक्या दिवसांनी कोणता वार? साताने भागल्यावर दोनाच्या घातांच्या बाक्या २, ४, १ अशा तिनांनी फिरतात. शंभराला तिनाने भागून बाकी एक, म्हणजे रांगेतला पहिला अंक दोन. सोमवार.

शेवटी थोडं निरोप गुप्त ठेवणाऱ्या कुलुपांबद्दल. घन करून पुन्हा घन केला की शेवटचा अंक परत येतो, हे वर पाहिलं. म्हणजे पहिला घन हे कुलूप लावणं आणि दुसरा घन ते उघडणं. त्यात फसवण्यासारखं काही नाही, कारण दोन्हीकडे तीनच. पण दहाऐवजी ३३ घेतले तर लावायचा घात ३ आणि उघडायचा ७ असा फरक पडतो. चार हा निरोप पाठवायचा आहे. त्याचा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१. पोचला ३१. मिळालेल्याने त्याचा सातवा घात करायचा. ३१ म्हणजे ३३ ला दोन कमी, उणे दोनाचा सातवा घात उणे १२८, त्यात ३३ ची चौपट १३२ मिळवली की चार. निरोप जसाच्या तसा. दहामध्ये तीन आणि तीन चालतात कारण दहा म्हणजे दोन गुणिले पाच, एकेक कमी करून गुणाकार चार, आणि तीन त्रिक नऊ हे चाराच्या पटीपेक्षा एकाने जास्त. तेहतीसमध्ये तीन आणि अकरा, एकेक कमी करून गुणाकार वीस, आणि तीन साते एकवीस.

रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी १९७७ साली हीच कल्पना खऱ्या कुलपासाठी वापरली. त्यांच्या रीतीत लावायचा घात आणि ती भागणारी संख्या जगजाहीर ठेवली तरी चालते, उघडायचा घात तेवढा गुप्त. तो गुप्त घात काढायचा तर भागणाऱ्या संख्येचे दोन मूळ अवयव माहीत हवेत. ३३ चे कोणीही सांगेल. वेबसाइटच्या सुरक्षेसाठी वापरतात त्या संख्या सहसा सहाशे सतरा अंकी असतात, आणि नेहमीच्या संगणकावर तेवढ्या संख्येचे अवयव पाडायची जलद रीत अजून कोणी जाहीर केलेली नाही.